झालर

वडकबाळच्या पुलाखाली सीना
चैतात डोहाडोहांनी उरते.
तिथं मी सायकल आडवी घातली
आणि कॅरियरला बांधलेली बांबूची काठी सोडली,
चाळिशी उलटल्यावर, पहिल्यांदाच.
तंगूस पंधरा रुपयांची, गळ पाच नंबरचा,
तरंगा म्हणून मालदांडीच्या ताटाचं भेंड,
नखानं सोललेलं, पांढरं.
आमिषाला भूदेवीनं बांधून दिलेली कडक भाकरी
शेंगाचटणीसकट.

पलीकडच्या खडकावर तायाक्का भोईण.
तिनं माझ्याकडं पाहिलं नाही,
भाकरीकडं पाहिलं.
"चटणी तुमी खावा," म्हणाली,
"भाकर भिजवून गोळ्या करा त्येच्या.
आन् सावली पाण्यावर पाडू नगासा."

मी सावली मागं घेतली,
आणि ती पायाखाली मावेपर्यंत बसलो.

टॉवेलच्या कारखान्यात मी तपासनीस.
सव्वीस वर्षं ट्यूबलाइटखाली
एक तुटका धागा, एक सुटलेला बाणा,
मोहरीएवढा तेलाचा डाग
मला दिसतो. हात पोचण्याआधी दिसतो.
इथं काहीच दिसेना.
नुसतं हिरवं, आणि त्यावर माझं तोंड.

भेंड बुडालं. मी झटका दिला.
गळ मोकळा, गोळी गेलेली.
पुन्हा बुडालं. या वेळी बोटाएवढी चिलापी
पाठीचे काटे उभे करून
अंगठ्यात घुसली आणि निसटली.
"वळखली का?" तायाक्का.
मी अंगठा चोखत होतो.
"आता पुन्हा चुकायचा न्हाई तुमी."

आमच्या घरात मासळीला एकच शब्द, चेपा.
बाप तेच म्हणायचा, आई तेच.
कढईत पडलं की चेपा.
कुठल्या पाण्यातला, कुठल्या जातीचा,
हे विचारायला फुरसत कुणाला?
मागावरून उठलं की ताट,
ताटावरून उठलं की माग.

तिसऱ्यांदा भेंड बुडालंच नाही.
आडवं सरकलं, सावकाश,
झोपलेल्याच्या अंगावरची चादर
कुणी हळूच ओढावी तसं.
"थांबा," तायाक्का म्हणाली. "थांबा की."
मी थांबलो.
आमच्याकडं पीस मोजतात,
थांब असं मला कुणी म्हटलेलं आठवत नाही.
"आता."

काठी वाकली, माझा पाय चिखलात गेला,
एक चप्पल सीनेनं ठेवून घेतली.
वाळूवर आला तेव्हा काळा होता,
वीतभराहून मोठा, तोंड खाली वळलेलं.
"रोहू!" मी ओरडलो.
बाजारात ऐकलेलं तेवढंच नाव होतं माझ्याकडं.

ती पाण्यातूनच चालत आली, लुगडं ओलं.
"रोहूचा खवला तांबूस असतोय.
कटल्याचं तोंड वर, सावकारावानी.
ह्येच्या मिशा मोजा."
मोजल्या. चार.
"आता ओठाला हात लावा."

ओठाला झालर होती.
बारीक, मऊ, सुटी सुटी,
कात्री न लागलेल्या टॉवेलच्या काठासारखी.
मी तिथून बोट काढलं नाही बराच वेळ.
मासा तोंड उघडायचा, मिटायचा.

"कानोशी," तायाक्का म्हणाली,
आणि गळ उलटा फिरवून
एका खटक्यात सोडवला.

रिजेक्टच्या टॉवेलात ओली गुंडाळून
हँडलला अडकवली.
सोलापूर येईपर्यंत दोनदा हलली.
एका पायात चप्पल, एका पायात ऊन,
मी नाव घोकत पायडल मारत राहिलो.

भूदेवीनं गाठ सोडली.
"चेपा?"
"कानोशी," म्हणालो. "मिशा मोज."
तिनं विळी पुढं ओढली,
खवल्यांवर राख चोळली, चिमूटभर,
आणि मग, का कोण जाणे,
एकदा बोट लावून पाहिलं ओठाला.
"चटणी खाल्लीत का?" तिनं विचारलं.

नव्हती खाल्ली.